नळीचें माप आणि राज्यकर्त्यांचा विश्वास

निवडणुकीची घोषणा झाली कीं अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड इत्यादि मुंबईच्या उपनगरांतील पोलीस ठाण्यांत एक ठराविक देखावा दिसूं लागतो. कोणी व्यापारी, कोणी जवाहिऱ्या, कोणी निवृत्त लष्करी अंमलदार कापडांत गुंडाळलेली एक जड वस्तु घेऊन ठाण्याची पायरी चढतो, परवान्याची वही पुढें ठेवतो, आपलें शस्त्र जमा करितो आणि पावती खिशांत घालून परत फिरतो. पावतीवर शस्त्राचा प्रकार, त्याचा क्रमांक आणि त्याच्या नळीचें माप हीं लिहिलेलीं असतात. शस्त्र जर हातांत धरून झाडण्याचें असेल, तर तें माप बहुधा एकच असतें: ·३२ बोअर.

जगांतील हरएक माल ज्या नगरीच्या बंदरावर येऊन पडतो, त्या नगरींत पिस्तुलाचें माप मात्र एवढें ठराविक कां असावें? कारागिरास तेंच सोयीचें म्हणून कीं घेणारास तेंच प्रिय म्हणून? दोन्हीही नव्हे. ह्या प्रश्नाचें उत्तर कारागिरीच्या इतिहासांत नसून राज्यकारभाराच्या इतिहासांत आहे. आणि तें थोड्या विस्तारानें वाचकांपुढें ठेवावें, असा आमचा हेतु आहे.

प्रथम माप म्हणजे काय हें सांगणें अवश्य आहे. नळीच्या पोकळीचा जो व्यास त्यास व्यवहारांत बोअर म्हणतात. इंग्रजी पद्धतींत तो इंचाच्या अपूर्णांकांत सांगतात, यूरोपांतील इतर देशांत मिलिमीटरमध्यें. ·३२ म्हणजे सुमारें आठ मिलिमीटर, ·३८ म्हणजे सुमारें साडेनऊ, आणि ·४५५ म्हणजे सुमारें साडेअकरा. हे आंकडे पुष्कळदां काटेकोर मोजमाप नसून केवळ नांवें असतात. लष्करी ·३८ रिव्हॉल्व्हरच्या गोळीचा खरा व्यास ·३६ इंचाच्या आसपास भरतो. एक नळी काढून दुसरी बसविली कीं माप बदललें, असा सर्वसाधारण समज आहे, पण तो चुकीचा आहे. काडतूस जेथें बसतें तें घर, गोळी जींतून जाते ती नळी, आणि स्फोटाचा दाब सोसणारें पोलाद, ह्या तिहींचा मेळ जमावा लागतो. तो न जमल्यास हत्यार धरणाराच्याच हातांत फुटतें. म्हणून हें काम कारखान्याचें, आणि तेंहि कायद्याच्या अनुज्ञेचें. परंतु तें कसें करावें हा आमचा विषय नव्हे. तें कोणीं, केव्हां आणि कशाच्या भीतीनें करविलें, एवढेंच आम्हांस पाहावयाचें आहे.

ज्या साष्टी बेटावर आज हीं उपनगरें वसलीं आहेत, त्याच बेटावर १७३७ ते १७३९ ह्या काळांत मराठ्यांच्या फौजा पोर्तुगीजांशीं झुंजत होत्या. अंधेरीच्या पश्चिमेस समुद्रकांठीं असलेला वेसाव्याचा किल्ला ह्याच मोहिमेंत मराठ्यांच्या हातीं आला. त्या काळच्या तोड्याच्या बंदुकीस सर्वमान्य असें माप नव्हतें. जशी बंदूक, तसा तिच्या गोळ्या ओतण्याचा सांचा. शिसें वितळवावें, सांच्यांत ओतावें, थंड झाल्यावर गोळीची कड घासून घ्यावी, आणि ती थैलींत टाकावी, असा क्रम असे. नळी झिजून रुंद झाली तर सांचा मोठा करावा. एका बंदुकीची गोळी दुसरीस लागेलच असा नेम नसे, आणि त्याचें कोणास फारसें वाईटहि वाटत नसे. राज्यकर्त्यांचें लक्ष बंदुकींच्या संख्येवर आणि दारूच्या सांठ्यावर असे. नळीचें माप हा बंदूक बाळगणारा आणि लोहार ह्यांच्यांतील आपसांतला मामला होता.

ही स्थिति धातूच्या काडतुसानें पालटली. १८५७ सालीं ज्या काडतुसांवरून शिपायांत असंतोषाचा भडका उडाला, तीं कागदाचीं होतीं. ·५७७ मापाच्या एनफील्ड रायफलीसाठीं तीं दांतांनीं फाडून दारू नळींत ओतावी लागे. त्याच काळीं इंग्रज अंमलदारांपाशीं ब्यूमाँट-अॅडम्स रिव्हॉल्व्हरें होतीं. त्यांतहि दारू आणि गोळी चक्राच्या घरांत समोरून भरावी लागे. पुढें १८६८ च्या सुमारास जॉन अॅडम्स ह्यानें ह्याच रिव्हॉल्व्हरांत फेरफार केला, आणि जुनें हत्यार ·४५० मापाचें पितळी काडतूस उडवूं लागलें. लष्करी हातशस्त्र एका मापावरून दुसऱ्यावर आणल्याचें हें एक आरंभीचें ठळक उदाहरण होय. लगेच पुढच्या वर्षीं, म्हणजे १८६९ सालीं, पुण्याजवळ खडकी येथें दारूगोळ्याचा कारखाना निघाला.

ह्या दोन गोष्टी एकत्र वाचल्या म्हणजे पुढील सर्व इतिहासाची किल्ली हातीं येते. शिशाची गोळी घरच्या चुलीवर ओततां येत होती. पितळी काडतूस तसें करतां येत नाहीं. त्याचें कवच, त्याच्या बुडांतील टोपी, त्यांतील दारूचें वजन हें सर्व यंत्राचें काम. सांचा घरांत होता तोंवर बंदूक ज्याची त्याची होती. काडतूस कारखान्यांत गेलें आणि ज्याचें काडतूस त्याचें हत्यार असा नवा न्याय सुरू झाला. ज्याला काडतूस मिळत नाहीं, त्याच्या हातांतील उत्तमांतलें उत्तम पिस्तूल हा केवळ पोलादाचा तुकडा होय. राज्यकर्त्यांच्या ध्यानांत हें यावयास फार काळ लागला नाहीं.

१८७८ सालीं लॉर्ड लिटनच्या कारकीर्दींत हत्यारांचा कायदा झाला. त्यांत एतद्देशीयांस परवान्याचें बंधन आणि युरोपियनांस सूट होती, हें सर्वश्रुतच आहे. परंतु परवाना हा माणसावरचा पहारा झाला. त्याहून सूक्ष्म असा एक पहारा नळीवर बसविण्यांत आला. मार्टिनी-हेन्री रायफली ·४५० मापाच्या होत्या, आणि त्या सरहद्दीवरील टोळ्यांच्या हातींहि लागल्या होत्या. त्यांस काडतुसें अगर गोळ्या मिळूं नयेत म्हणून विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत सरकारनें ·४५० मापाच्या शिकारी रायफलींच्या व त्यांच्या काडतुसांच्या आयातीस हिंदुस्थानांत बंदी केली. वाघाच्या व गव्याच्या शिकारीस येणाऱ्या साहेबलोकांची ह्यामुळें पंचाईत झाली. तेव्हां इंग्लंडांतील बंदूक करणाऱ्या पेढ्यांनीं ·४६५, ·४७०, ·४७५ अशीं नवींच मापें काढलीं. इंचाच्या शंभराव्या भागाच्या दीड ते अडीच पटींचा हा फरक! गव्यास तो खचित जाणवला नसेल. पण कस्टमच्या अंमलदारास तो पुरेसा होता. आज शिकारी शस्त्रांचे शोकीन ज्या ·४७० मापास मोठ्या आदरानें पाहतात, त्याच्या जन्माचें कारण जंगलांत नसून सरहद्दीवरील भीतींत आहे.

तीच गोष्ट ·३०३ ची. ही लष्कराच्या रायफलीची नळी. अर्थात् ती खासगी माणसास वर्ज्य झाली. मग ऑस्ट्रियाच्या मानलिखर रायफलीच्या काडतुसावरून ·३१५ मापाचें काडतूस घेऊन लष्करी घडणीच्याच रायफलीची एक शिकारी आवृत्ति काढण्यांत आली. बाहेरून पाहणारास दोघी बहिणी वाटाव्यात. परंतु एकीच्या घरचें अन्न दुसरीस चालत नाहीं. ह्या सर्व बंदोबस्तानें सरकार निर्धास्त झालें असेल असें कोणास वाटल्यास त्यानें नाशिक आठवावें. २१ डिसेंबर १९०९ रोजीं विजयानंद नाटकगृहांत अनंत कान्हेरे ह्यांनीं कलेक्टर जॅक्सनवर जें ब्राउनिंग पिस्तूल झाडलें, तें लंडनहून चोरवाटेनें आलेलें होतें. मापाचा कायदा कस्टमच्या मेजावर उघडलेल्या पेटीस लागू पडतो, चोरकप्प्याच्या पेटीस नव्हे.

येथपर्यंत परक्या राज्यकर्त्यांनीं प्रजेवर अविश्वास दाखविला, एवढेंच झालें. आणि त्यांत नवल कांहींच नाहीं. परंतु ह्या इतिहासांतील सर्वांत बोलकें प्रकरण ह्यापुढचें आहे. बंगालमधील ईशापूरच्या कारखान्यांत ·३०३ च्या लष्करी रायफलीचें माप बदलून तिची ·४१० मापाची मस्केट करण्यांत येऊं लागली. नळींतील आटे गेले आणि ती गुळगुळीत झाली. काडतुसें सांठविण्याचें घर लांकडी ठोकळ्यानें बुजविलें गेलें, जेणेंकरून एका वेळीं एकच बार भरावा. पल्ला तोकडा झाला. आणि तिचें काडतूस लष्कराच्या रायफलींत चालणार नाहीं असें ठेवण्यांत आलें. ही मस्केट कोणासाठीं होती? दरोडेखोरासाठीं नव्हे, शिकाऱ्यासाठींहि नव्हे. ती होती सरकारच्याच पोलीस शिपायासाठीं आणि तुरुंगावरील पहारेकऱ्यासाठीं! ज्यानें राज्याचें रक्षण करावें त्याच्या हातीं रायफल तर द्यावयाची, पण उद्यां तोच उलटला तर? म्हणून आधीं तिचे दांत काढून ठेवावयाचे. १८५७ सालची आठवण सरकारनें अशा रीतीनें पोलादांत कोरून ठेविली होती. एखाद्या राज्यानें आपल्याच नोकरावरील अविश्वास इंचाच्या अपूर्णांकांत मोजून दाखविल्याचें ह्याहून स्पष्ट उदाहरण आमच्या पाहण्यांत नाहीं.

आतां हातशस्त्रांकडे वळूं. १८८७ सालीं वेब्ली कंपनीचें ·४५५ मापाचें रिव्हॉल्व्हर ब्रिटिश सैन्यानें स्वीकारलें, आणि पहिल्या महायुद्धाच्या अखेरपर्यंत तेंच अंमलदारांच्या कमरेस होतें. तें मोठें भारी हत्यार. थोड्या दिवसांच्या शिकवणीनें नवख्या माणसास तें आवरत नाहीं, हा अनुभव युद्धांत आला. म्हणून माप उतरवून ·३८ करण्याचें ठरलें. वेब्लीनें त्या मापाचा नमुना तयार केला. पण सरकारनें एनफील्डच्या सरकारी कारखान्यांत त्याच धर्तीचें रिव्हॉल्व्हर करवून १९३२ सालीं तें स्वीकारलें. नमुना आमचा आणि काम दुसऱ्यास, म्हणून वेब्ली कंपनीनें दावा लावला, आणि अखेर तिला कांहीं भरपाई मिळाली. पुढें दुसरें महायुद्ध पेटल्यावर सरकारी कारखाना पुरा पडेना, तेव्हां वेब्लीचींहि ·३८ रिव्हॉल्व्हरें सैन्यांत घ्यावीं लागलीं. ह्याच काळांत तीं हिंदुस्थानांतील लष्कर आणि पोलीस ह्यांच्या परिचयाचीं झालीं. येथें माप बदललें तें शिपायाच्या मनगटाकडे पाहून. त्यांत अविश्वास नव्हता, सोय होती. हा भेद वाचकांनीं लक्षांत ठेवावा.

स्वराज्य आलें. परक्यांचा १८७८ चा कायदा जाऊन १९५९ चा हत्यार कायदा झाला, आणि १ ऑक्टोबर १९६२ पासून तो नव्या नियमांसह अंमलांत आला. वंशभेदाची सूट अर्थातच राहिली नाहीं. पण नळीवरील पहारा? तो जसाच्या तसा राहिला. किंबहुना अधिक नेटका झाला. नियमांच्या परिशिष्टांत निषिद्ध हत्यारांची जी यादी दिली होती, तींत ·३०३ अगर ७·६२ मिलिमीटरचें लष्करी काडतूस ज्यांत बसेल अशा रायफली, ·४१० ची मस्केट, आणि ·३८० वा ·४५५ चें अगर लष्करी ९ मिलिमीटरचें काडतूस ज्यांत बसून उडूं शकेल अशीं सर्व पिस्तुलें व रिव्हॉल्व्हरें येत होतीं. भाषा पाहण्यासारखी आहे. हत्यार किती घातक आहे हा प्रश्न नाहीं. सरकारचें काडतूस त्यांत बसतें कीं नाहीं, हा प्रश्न आहे. २०१६ सालीं नवे नियम आले, तरी निषिद्ध आणि अनिषिद्ध मापांची ही विभागणी कायम राहिली.

आतां आमच्या आरंभींच्या प्रश्नाचें उत्तर सहज मिळतें. आपल्या कानपूरच्या सरकारी कारखान्यानें नागरिकांसाठीं जें रिव्हॉल्व्हर केलें, त्याची घडण जुन्या ओळखीच्या वेब्ली ·३८ चीच आहे. केवळ नळी आणि चक्राचीं घरें ·३२ मापाचीं. तें काडतूसहि नवें नव्हे; अमेरिकेंतील स्मिथ अँड वेसन कंपनीनें तें १८९६ सालीं काढलें. लष्करी हत्याराचें माप उतरवून तें नागरी करावयाचें, ही ·३१५ च्या वेळची युक्ति येथें पुन्हा वापरण्यांत आली. २०१४ सालीं निघालेलें, सुमारें अर्धा किलो वजनाचें, स्त्रियांच्या रक्षणासाठीं म्हणून गाजविलें गेलेलें ‘निर्भीक’ हें रिव्हॉल्व्हरहि ·३२ चेंच. आणि इतिहासाचें चक्र असें कीं, ज्या वेब्लीच्या घडणीवरून हें सर्व झालें, तीच पेढी २०२० च्या सुमारास उत्तर प्रदेशांत येऊन भारतीयांसाठीं रिव्हॉल्व्हर करूं लागली, तेव्हां तिनेंहि मापासाठीं आधीं ·३२ चाच मार्ग धरला.

ह्या मापाचा चटका केव्हां बसतो? समजा, मुलुंडच्या एखाद्या घरीं लष्करांत नोकरी केलेले आजोबा वारले आणि कपाटांत त्यांचें ·३८ चें रिव्हॉल्व्हर निघालें. नातवाच्या मनांत येतें, ही घराण्याची आठवण. हिची नळी आणि चक्र बदलून ·३२ करून घ्यावें, म्हणजे कायद्याचेंहि समाधान आणि आपलेंहि. पण कायदा हत्याराच्या निर्मितीइतकेंच त्याच्या रूपांतरासहि परवान्याच्या कक्षेंत धरतो. कोणा लोहारानें अगर बंदुका दुरुस्त करणारानें परस्पर तें काम करणें हा गुन्हा आहे, आणि करून घेणारासहि तो भोंवतो. नातवास एक मार्ग उरतो: तें ठाण्यांत अगर परवाना असलेल्या व्यापाऱ्याकडे जमा करणें. जें माप बदलण्याचा हक्क राज्यानें ईशापूरपासून कानपूरपर्यंत वेळोवेळीं वापरला, तो प्रजेस नाहीं. हें कठोर वाटलें तरी अन्यायाचें नव्हे, असें आमचें मत आहे. घरोघरीं मापें बदलूं लागल्यास परवान्यावरील आंकड्यास अर्थच उरणार नाहीं.

माप बदलणें म्हणजे नेहमीं संशयच, असेंहि कोणीं समजूं नये. मार्टिनी-हेन्रीच्या नळींत मॉरिस नांवाची बारीक नळी घालून स्वस्त काडतुसांवर शिपायांस नेम शिकविण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकांतच होती. अमेरिकेंत कोल्ट कंपनीनें १९३८ सालीं आपल्या ·४५ पिस्तुलावर बसवून ·२२ चीं काडतुसें उडवितां येतील असा एक संच काढला, तोहि सरावाच्या काटकसरीसाठींच. तसेंच ·३२ हें उगाच कमी प्रतीचें माप नव्हे. पंचवीस मीटरवरील सेंटर-फायर पिस्तुलाच्या शर्यतींत जगभरचे नेमबाज तेंच काडतूस पसंत करितात; १९९४ सालीं हिरोशिमाच्या आशियाई सामन्यांत त्याच प्रकारांत आपल्या जसपाल राणांनीं सुवर्णपदक मिळविलें. आणि लष्करी काडतूस नागरिकांस वर्ज्य करणें ही केवळ आपलीच चाल नव्हे. इटलींत अलीकडच्या काळापर्यंत लष्करी ९ मिलिमीटरचें पिस्तूल खासगी माणसास बाळगतां येत नसे. म्हणून काडतुसाचें कवच दोन मिलिमीटर लांब करून तेथल्यासाठीं एक वेगळेंच माप प्रचारांत आलें.

मग ह्या पद्धतीचा खरा जमाखर्च काय? जमेच्या बाजूस एक सबळ कारण आहे. शस्त्रागारांतून चोरलेलें सरकारी काडतूस परवान्याच्या पिस्तुलांत उपयोगी पडत नाहीं, आणि खडकीच्या ·३२ काडतुसाचा हिशेब निराळा ठेवतां येतो. लोकशाही राज्यासहि आपल्या दारूगोळ्याची वाट बंद ठेवणें भाग आहे. परंतु खर्चाच्या बाजूसहि पाहावें. गुन्हेगार हा परवान्याच्या रांगेंत उभा राहात नाहीं. उपनगरांतील पोलिसांच्या हातीं वारंवार जे गावठी कट्टे सांपडतात, त्यांत नागरी मापाचीं काडतुसें चालणारे कट्टे पुष्कळ. कारण बाजारांत मिळणारें काडतूस तेंच. कायद्यानें जें माप सुरक्षित म्हणून निवडलें, तेंच चोरानें सोयीचें म्हणून निवडलें.

आणि ह्याहून मोठा खर्च दुसरा आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीं मुंबईवर चालून आलेल्या मारेकऱ्यांच्या हातांत स्वयंचलित रायफली होत्या. रेल्वेच्या मुख्य स्थानकावर त्यांच्याशीं सामना करणाऱ्या शिपायांपाशीं जुनी ·३०३ होती; गिरगांव चौपाटीवर तुकाराम ओंबळे ह्यांच्या हातांत लाठी होती. त्याच रात्रीं अंधेरीलगतच्या विलेपार्ल्यांत एक टॅक्सी स्फोटानें उडाली, आणि आपण दूर आहों ही उपनगरांची समजूतहि उडाली. त्यानंतर राज्यानें फोर्स वन हें पथक उभारलें, त्याचा तळ गोरेगांवास झाला, आणि पोलिसांस नवीं शस्त्रें मिळूं लागलीं. त्या रात्रीच्या उणिवेचीं कारणें अनेक होतीं. तीं सर्व एका मापावर लादणें हा अविचार होईल. तरीहि एक गोष्ट आम्हांस म्हणावीशी वाटते. ज्या राज्यानें एकदां आपल्या शिपायाच्या हातांतील रायफल मुद्दाम अधू केली, त्याचें मन पुढें किती दशकें त्याच वळणानें चालत राहतें! परका सरकारनोकर गेला. पण शिपायास कमी देण्याची संवय दफ्तरांत राहिली. ·४१० ची मस्केट १९६२ च्या यादींत सरकारी हत्यार म्हणून ठाण मांडून होती, हें विसरून चालणार नाहीं.

म्हणून आमचें म्हणणें एवढेंच. नागरिकाच्या नळीवर पहारा असावा. तो आम्हांस मान्य आहे, आणि आजोबांचें रिव्हॉल्व्हर जमा करणाऱ्या नातवानें तो मुकाट्यानें मानावा. परंतु राज्यानें हें ओळखावें कीं त्या पहाऱ्याचा जन्म भीतींतून झाला आहे. आणि भीतीनें घडविलेलें माप शत्रूस क्वचितच अडवितें, आपल्याच माणसास मात्र नेहमीं पोंचतें. ज्याच्यावर विश्वास टाकावयाचा त्याच्या हातीं पुरें हत्यार द्यावें, आणि ज्याच्यावर तो नाहीं त्याच्या हातीं मुळींच देऊं नये. अर्धें हत्यार देण्याची युक्ति इंग्रजांस शोभली. ती आम्हांस शोभणारी नव्हे.

असो. निवडणूक संपते, निकाल लागतात, आणि अंधेरीच्या ठाण्यांत तोच जवाहिऱ्या पावती घेऊन पुन्हा येतो. हवालदार क्रमांक ताडून पाहतो, माप ताडून पाहतो, आणि कापडांत गुंडाळलेली वस्तु त्याच्या हवालीं करितो. त्या पावतीवरील ·३२ हा आंकडा वाचतांना त्यामागें एनफील्ड, ईशापूर, कानपूर आणि खडकी उभीं आहेत, हें त्या दोघांपैकीं एकाच्याहि मनांत त्या वेळीं नसतें.